माणूस बदलण्याआधी काम तपासा

कारखान्यात माल बिघडू लागला, दुकानातले गिऱ्हाईक तुटू लागले किंवा कचेरीत कागद तुंबू लागले की मालकाच्या तोंडचे पहिले वाक्य ठरलेले असते : "हल्ली कामाची माणसेच मिळत नाहीत." हे वाक्य मालेगावच्या मागवाल्याकडे ऐकू येते, भिवंडीच्या गोदामात ऐकू येते आणि मुंबईच्या वातानुकूलित कचेरीतही ऐकू येते. त्यानंतरचे उपायही ठरलेलेच. छोटा मालक आहे तो माणूस काढून दुसरा ठेवतो. मोठी कंपनी दोन दिवसांचे प्रशिक्षण शिबिर भरवते, चहा-नाश्ता होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात. महिन्याभराने पाहावे तर माल पूर्वीसारखाच बिघडत असतो.

वरवर पाहता हे दोन उपाय एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एक कठोर, दुसरा दयाळू. वास्तविक दोघांच्या पोटात एकच गृहीतक दडलेले आहे. दोष माणसात आहे, हे ते गृहीतक. एकाने त्याला हाकलले, दुसऱ्याने त्याला शिकवले. दोष खरोखर माणसात आहे की त्याला दिलेल्या कामाच्या मांडणीत आहे, हे तपासण्याची तसदी मात्र कोणीच घेतली नाही.

ही तसदी घेणारी एक विद्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभी राहिली आहे. तिला परफॉर्मन्स कन्सल्टिंग म्हणतात. आपण तिला कामगिरी-सल्ला म्हणू. डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे कारण शोधल्याशिवाय उपाय सांगायचा नाही, हे या विद्येचे मूळ सूत्र. ही विद्या आपल्या उद्योजकांनी आणि नोकरीच्या शोधात असलेल्या सुशिक्षित तरुणांनी मनावर घेऊन शिकली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

अहमदाबादचे मागखाते

"ही सारी परदेशी थेरे आहेत," असे म्हणून विषय बाजूला सारणाऱ्यांसाठी एक देशी उदाहरण देतो, आणि तेही मागाचे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची रोजीरोटी मागावर चालते, त्यामुळे त्यांना ते सहज समजेल.

अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवण्यात आले होते. यंत्रे उत्तम, कारागीर अनुभवी, कामाची वाटणी अभियंत्यांनी वेळेचा हिशेब करून ठरवलेली. तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे निघेना आणि कापडातले दोष कमी होईनात. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राईस सल्लागार म्हणून तेथे आले. त्यांनी माणसांची परीक्षा घेण्याआधी कामाची वाटणी पाहिली.

त्या खात्यात २२४ माग आणि २९ माणसे होती. या २९ जणांत १२ प्रकारची कामे विभागलेली होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग. मागाच्या बॅटरीत कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५० माग. एकदम अनेक धागे तुटले तर ते जोडून देणाऱ्याकडे ६० ते ८० माग. जॉबर, तेलवाला, झाडूवाला यांचे हिशेब आणखी वेगळे. कागदावर ही वाटणी अगदी काटेकोर दिसत होती. प्रत्यक्षात काय होत असे? एका विणकराचा माग बंद पडला की धागे जोडणारा दुसऱ्याच विणकराकडे अडकलेला असायचा. कांडी भरणारा एकाच वेळी दोन-तीन विणकरांचा, म्हणजे खऱ्या अर्थाने कोणाचाच नाही. कापड बिघडले तर जबाबदार कोण, याचे उत्तर २९ जणांत कोणालाच देता येत नव्हते. प्रत्येकजण आपापले काम करत होता, आणि कापड मात्र कोणाचेच नव्हते.

राईस यांनी सुचवलेला उपाय शिकवणीचा नव्हता, मांडणीचा होता. काही माग मिळून एक तुकडी करावी आणि त्या तुकडीची पूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी. कल्पना एवढीच. कामगारांनी ती उचलून धरली आणि सात-सात जणांचे गट आपसांत ठरवून स्वतःच बनवले. गटातला माणूस आता गरजेप्रमाणे शेजाऱ्याच्या मदतीला जाऊ लागला. परिणाम असा झाला की खात्याची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. राईस यांनी १९५८ साली या प्रयोगावर पुस्तक लिहिले आणि जगभरच्या व्यवस्थापन-अभ्यासात अहमदाबादचे नाव झाले. माग तेच होते, कारागीर त्याच खात्यातले होते. बदलली ती फक्त कामाची मांडणी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राईस यांचे सहकारी एरिक मिलर १९७० साली पुन्हा तेथे गेले तेव्हा एका खात्यात गटपद्धती टिकून होती, तर इतर ठिकाणी ती हळूहळू जुन्या वळणावर गेलेली आढळली. म्हणजे मांडणी एकदा सुधारली की काम संपले, असे नाही. बाजार बदलतो, सूत बदलते, वरिष्ठ बदलतात. प्रत्येक वेळी कामाकडे पुन्हा पाहावे लागते. म्हणूनच बाहेरच्या सल्लागाराने एकदा येऊन जाण्यापेक्षा ही नजर आपल्या माणसांत तयार होणे अधिक मोलाचे आहे.

सहा प्रश्न

ही नजर कशी तयार होते? अमेरिकेतील थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ साली 'ह्यूमन कॉम्पिटन्स' हे पुस्तक लिहून त्याची सोपी चौकट घालून दिली. कामगिरी कमी पडते तेव्हा सहा ठिकाणी पाहावे, असे त्यांचे सांगणे आहे. पहिली तीन ठिकाणे माणसाच्या बाहेर आहेत : माहिती, साधने आणि मोबदला. पुढची तीन त्याच्या आत आहेत : ज्ञान, क्षमता आणि इच्छा. शोध बाहेरून सुरू करावा, कारण तेथील दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते आणि तिचा परिणाम मोठा असतो. आपण नेमके उलटे करतो. इच्छेपासून सुरुवात करून "याला कामाची आवडच नाही" असा निकाल देतो, आणि फार तर ज्ञानापर्यंत येऊन शिबिर भरवतो.

ही चौकट आपल्या यंत्रमागावर लावून पाहू. समजा, एका खात्यात कापडावर तेलाचे डाग आणि तुटलेल्या धाग्यांचे दोष वाढले आहेत. पहिला प्रश्न माहितीचा. दोष कळतो कधी? थान उतरले, तपासणीला गेले आणि चार दिवसांनी व्यापाऱ्याने नाकारून परत पाठवले तेव्हा. तोपर्यंत तो पीस कोणत्या पाळीत, कोणत्या मागावर निघाला हे विणकराला आठवणार कसे? दोष त्याच दिवशी, त्याच मागापाशी दाखवला गेला तरच तो सुधारेल. दुसरा प्रश्न साधनांचा. सूत एकसारखे येते काय? मागाची दुरुस्ती वेळेवर होते काय? रात्रपाळीत तुटलेला धागा दिसेल एवढा उजेड आहे काय? तिसरा प्रश्न मोबदल्याचा. मजुरी जर निव्वळ मीटरवर असेल, तर माग थांबवून धागा नीट जोडणारा विणकर स्वतःच्या खिशातून दंड भरतो आणि तसाच माग रेटणारा चार पैसे जास्त कमावतो. मालक तोंडाने दर्जा मागतो आणि हाताने लांबीचे पैसे देतो. अशा वेळी विणकर हाताचे ऐकेल की तोंडाचे?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच पुढच्या तिन्हींकडे वळावे. काम येते काय? ते करण्याइतकी नजर, ताकद आणि विश्रांती त्याला आहे काय? करण्याची इच्छा आहे काय? अनुभव असा की बाहेरची तीन कुलुपे उघडली की आतले तिसरे कुलूप पुष्कळदा आपोआप उघडते. रोज चांगले काम करून नुकसान सोसणाऱ्या माणसाची इच्छा मरते, त्यात नवल ते काय?

रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली आणखी एक सोपी कसोटी सांगितली होती. प्राणावर बेतले तर हा माणूस हे काम करू शकेल काय, असे स्वतःला विचारावे. उत्तर 'होय' असेल तर त्याला काम येते, आणि शिकवण्यावर खर्च करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. अडथळा दुसरीकडे आहे, तो शोधावा. उत्तर 'नाही' असेल तरच शिकवण्याचा विचार करावा.

गिल्बर्ट यांची आणखी एक शिकवण व्यापाऱ्याच्या हिशेबी मनाला पटण्यासारखी आहे. सर्वांत चांगल्या कारागिराचे काम सरासरी कारागिराच्या कामाशी ताडून पाहा. समजा, एकाच प्रकारच्या मागावर एकजण दिवसाला निर्दोष ६० मीटर काढतो आणि सरासरी ४० ची आहे, तर दीडपट वाढीला वाव आहे. आपण अशा वेळी ४० वाल्यांना आळशी ठरवतो आणि ६० वाल्याची पाठ थोपटून गप्प बसतो. खरे तर ६० वाल्याजवळ उभे राहून पाहायला हवे. तो पाळी सुरू होताना कांड्या आधी मांडून ठेवतो काय? जॉबरशी त्याचे जमते म्हणून त्याचा माग आधी दुरुस्त होतो काय? त्याचा माग खिडकीपाशी आहे काय? कारण सापडले तर ते सर्वांना देता येते. सर्वोत्तम माणूस ही नुसती कौतुकाची वस्तू नाही, तो खात्यातला पहिला शिक्षक आहे.

प्रशिक्षणाचा बाजार

मग शिबिरेच का भरतात? कारण ती सर्वांच्या सोयीची असतात. प्रशिक्षकाला दिवसाचे मानधन मिळते. अधिकाऱ्याला "आम्ही काहीतरी केले" असे वर कळवता येते. मालकाला स्वतःच्या पद्धतीत बदल करावा लागत नाही. गैरसोय होते ती एकट्या कामगाराची. त्याच्या माथी अज्ञानाचा शिक्का बसतो आणि शिबिरानंतरही काम सुधारले नाही की "शिकवूनही शिकला नाही" हा दुसरा शिक्का तयार असतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला ते आवडले काय, तो काही शिकला काय, कामावर त्याचे वागणे बदलले काय, आणि धंद्याला त्याचा फायदा झाला काय. साठहून अधिक वर्षे होऊनही बहुतेक ठिकाणी मोजमाप पहिल्याच पायरीवर थांबते. शेवटी एक कागद भरून घेतात, "कार्यक्रम कसा वाटला?" जेवण चांगले असले की कार्यक्रमही चांगला वाटतो. सरकारी कौशल्य योजना असोत की खासगी वर्ग, किती जणांना प्रमाणपत्रे दिली याची जाहिरात होते, त्यानंतर किती जणांचे काम सुधारले हे क्वचितच विचारले जाते.

या पार्श्वभूमीवर डाना गेन्स रॉबिन्सन आणि जेम्स रॉबिन्सन या दांपत्याने १९९५ साली 'परफॉर्मन्स कन्सल्टिंग' हे पुस्तक लिहिले आणि प्रशिक्षण विभागांना आपला व्यवसाय बदलण्याचे आवाहन केले. मागेल त्याला शिबिर देणारा दुकानदार होऊ नका, धंद्याची गरज काय, त्यासाठी माणसांनी नेमके काय करायला हवे आणि ते करण्यात अडथळा कोणता, हे विचारणारा सल्लागार व्हा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

उच्चशिक्षितांनाही हेच लागू

अशी अडचण फक्त कमी शिकलेल्या कामगारांची आहे, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. शल्यविशारदाइतके प्रशिक्षण क्वचितच कोणाला मिळते. तरीही शस्त्रक्रियागृहात टाळता येण्याजोग्या चुका होतात. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, ते अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी पुढे आणली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणत्या जागी, प्रतिजैविक दिले काय, उपकरणे मोजली काय, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. शल्यविशारदांना नव्याने शस्त्रक्रिया शिकवली नव्हती. कामाची रीत बदलली होती.

पण येथेही सावधगिरी हवी. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत हीच यादी लागू झाल्यावर मृत्यूच्या प्रमाणात म्हणण्यासारखी घट दिसली नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. एके ठिकाणी गुण आलेले औषध दुसरीकडे हुकमाने पाजले की तसाच गुण येईल, याची हमी नाही. दुसऱ्याचा कागद उचलून आपल्या भिंतीवर चिकटवणे म्हणजे कामगिरी-सल्ला नव्हे.

दोन आक्षेप

छोटा मालक म्हणेल, "माझ्याकडे आठ माणसे. मला सल्लागार कसा परवडणार?" त्याला सल्लागाराची गरज नाही, प्रश्नांची आहे. वही घेऊन आठवडाभर आपल्याच खात्यात उभे राहावे. माग का थांबला, किती वेळ थांबला, कोणाची वाट पाहत थांबला, एवढेच लिहावे. सहा दिवसांनी पानांवर जे दिसेल ते अनेकदा महागड्या अहवालापेक्षा उपयोगाचे असेल. मात्र त्यात स्वतःचे नाव आले तर ते खोडू नये. अमेरिकेचे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांचा स्वतःच्या अनुभवावरून अंदाज असा होता की सुमारे ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून येतात आणि व्यवस्था ही मालकाची जबाबदारी असते. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी त्याचा रोख चुकत नाही.

दुसरा आक्षेप कामगारांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. घड्याळ आणि वही घेऊन कोणी खात्यात उभा राहिला की पुढच्या महिन्यात माणसे कमी होतात, असा धाक कामगारांच्या मनात असतो. त्याला आधार नाही असे कोण म्हणेल? सुधारलेल्या उत्पादनाचा सगळा फायदा एकट्या मालकाच्या गल्ल्यात जाणार असेल आणि कामगाराच्या वाट्याला जादा माग तेवढे येणार असतील, तर त्याने खरी माहिती का द्यावी? आणि त्याने खरी माहिती दिली नाही तर सारा सल्ला वाळूवर बांधलेले घर ठरेल. म्हणून आधी शब्द द्यावा : या तपासणीतून कोणाची नोकरी जाणार नाही, आणि फायदा झाला तर त्यात कामगाराचा वाटा राहील. हा शब्द नंतर पाळावा. अहमदाबादचे गट यशस्वी झाले, कारण कामगारांनी ते स्वतः बांधले होते.

शिकावे कोणी आणि कसे?

आपल्या घरांतून आता बी. कॉम., आय. टी. आय., समाजकार्य आणि व्यवस्थापन शिकलेली मुले-मुली बाहेर पडत आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना वडिलांच्या धंद्यात काही करण्यासारखे दिसत नाही. अशांनी ही विद्या जरूर शिकावी. या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था १९६२ साली अमेरिकेत स्थापन झाली. आपल्या देशात राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ पासून आणि इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट १९७० पासून आहे. त्यांच्या कामाची माहिती घ्यावी, पुस्तके वाचावीत. पण खरी शाळा म्हणजे कामाची जागा. एखादे ओळखीचे दुकान, बेकरी, गॅरेज किंवा मागखाते निवडावे. एकच अडचण घ्यावी आणि ती आकड्यात मांडावी. "काम नीट होत नाही" याला आकडा नसतो. "दहा थानांपैकी तीन परत येतात" याला असतो. मग सर्वांत चांगल्या कारागिराजवळ बसावे, सहा प्रश्न विचारावेत, सर्वांत स्वस्त दुरुस्ती आधी करून पाहावी आणि महिन्याने पुन्हा मोजावे. फरक पडला नाही तर तेही मालकाला मोकळेपणाने सांगावे.

यासाठी बुद्धीपेक्षा दोन गुण अधिक लागतात. एक म्हणजे ऐकण्याचा धीर. दुसरा म्हणजे ज्याने फी दिली त्यालाच "अडचण आपल्यापाशी आहे" असे अदबीने सांगण्याची हिंमत. हे दुसरे ज्याला जमत नाही त्याने सल्लागार होऊ नये, त्याने शिबिरे भरवावीत.

मालकांना शेवटी एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी एखाद्या कारागिराचा हिशेब चुकता करून त्याला दार दाखवण्याआधी एक दिवस थांबा. त्याला काय सांगितले होते, हातात काय दिले होते आणि कशाचे पैसे मोजले होते, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल निर्णय घ्या. नसेल, तर नवा माणूस आला तरी तो त्याच अंधारात, त्याच सुतावर आणि त्याच दरावर काम करणार आहे. सहा महिन्यांनी त्याच्याविषयीही तुम्ही तेच वाक्य बोलाल, आणि दरम्यान दोन घरांची चूल विझलेली असेल.